बाबांची फेरी आणि टाकीचा आवाज

कामांची वही ठेवायची मला जुनी सवय आहे. वसईतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळते. तिथे वॉशरपासून मोटारीपर्यंत प्रत्येक वस्तूला रकाना असतो, आणि घरीही मी तेच करते. डावीकडे काम, उजवीकडे खूण. बाबा आमच्याकडे विरारला, मनवेलपाड्याला राहायला आले त्या आठवड्याचं पान अजून माझ्याकडे आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा. कॉटचे पाय कापून उंची कमी करणे. गोळ्यांचा डबा. चष्म्याची काडी. कॅलेंडर कॉटसमोरच्या भिंतीवर. हे शेवटचं बाबांनी स्वतः सांगितलं होतं. त्याखाली, दोन दिवसांनी वेगळ्या शाईने लिहिलेलं एक काम आहे, टाकीचा आवाज. वरच्या सगळ्या कामांपुढे त्याच आठवड्यात खुणा झाल्या. या एकाला अडीच महिने लागले.

टाकी म्हणजे माशांची टाकी, नवऱ्याची. त्याने लवकर निवृत्ती घेतली आणि हॉलच्या एका भिंतीला चार फुटी काच आणून उभी केली. नुसती टाकी असती तर प्रश्न नव्हता. पण याच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा आहे. टाकीतलं वरचं पाणी काठावरून त्या कप्प्यात सांडतं, कप्प्यातल्या पाईपातून खालच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. दिवसरात्र हे चालू. पाणी उतरताना पाईपात हवाही ओढून नेतं, आणि हवा-पाणी एकत्र उतरलं की गुळगुळ, गटगट, मधूनच कुणीतरी बशीतला चहा ओढावा तसा भुरका. आम्हाला सवय झाली होती. आमची एकच बेडरूम, त्यामुळे बाबांची कॉट हॉलमध्ये टाकली. टाकीपासून सहा पावलांवर.

वसईजवळच्या उमेळ्याचं माझं माहेरचं घर पाडून तिथे इमारत उभी राहत होती. ती होईपर्यंत बाबा आमच्याकडे. ब्याऐंशी वर्षांचे, जरा विसराळू झालेले, पण पायांनी धड. पहिल्या दिवशी त्यांनी टाकीतले एंजल मासे बराच वेळ न्याहाळले.

"जावयबापू, हे खायचे कदी?"

"खायचे नाहीत मामा. बघायचे." नवरा साताऱ्याकडचा, सासऱ्याला मामा म्हणतो.

"बगायचे? मंग आमची खाडीतली चिवनी काय वाईट होती बगायला?"

"चिवणीला मिशा असतात मामा. तुमच्या मुलीला मिशा आवडत नाहीत, म्हणून तर मी काढल्या."

बाबा खोकला येईपर्यंत हसले. मला वाटलं, रमतील.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर मी भांडी आवरत होते. बाबा कॉटवरून उठले, टाकीशी गेले, गुडघे टेकून बसले आणि त्यांनी कपाटाच्या दाराला कान लावला.

"बाय, पानी जातंय."

"कुठे?"

"आत. खांड पडली."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आमची शेतं खाडीकाठची. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि बांधाच्या पोटात लाकडी दार. उधाणाच्या भरतीला पाणी बांधाच्या कडेपर्यंत यायचं. खेकड्याने कुठे बीळ केलं असेल तर तिथून आधी बोटाएवढी धार लागायची, मग मुठीएवढी, आणि तासाभरात बांधाला खांड पडून शेत खारं व्हायचं. एकदा खारं झालं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचा. म्हणून भरतीच्या वेळी बांधावर फेरी मारायची घरोघरी पाळी असे. धार दिसण्याआधी ऐकू येते. चिखल आणि पेंढा घेऊन जायचं, कान द्यायचा, जिथे पाणी बोलतं तिथे बुजवायचं. बाबांनी हे आयुष्यभर केलं. पुढे सगळी नोकऱ्यांना लागली, पाळ्या मोडल्या, आणि एका उधाणात, कुणाचीच पाळी नसताना, बांध फुटला. आता तिथे तिवरं आहेत, खारफुटीचं रान.

मी बाबांना कपाट उघडून पाईप दाखवला. पंप दाखवला. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर पाईपाभोवती तुळशीच्या कुंडीतली माती थापलेली, त्यात झाडूच्या काड्या.

"मामांनी बांध घातला," नवरा म्हणाला. "मी म्हटलं घालू दे. नाही म्हटलं तर ओरडतात."

मी माती खरवडून परत कुंडीत टाकली. त्यानंतर हे रोजचंच झालं. बाबा थापायचे, मी काढायचे. वहीत मी लिहिलं, कुंड्या ग्रिलच्या वरच्या फळीवर ठेवणे. कुंड्या वर गेल्या तर बाबांनी खाली जाऊन बागेतली माती आणली, शर्टाच्या खिशातून.

मग ते पडले. हात ओले, फरशी ओली, आणि टाकीचा काठ धरायला गेले. नशीब, हाडाला काही झालं नाही, पण कंबर निळी-काळी झाली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून मला स्पष्टच सांगितलं, "या वेळी वाचले. पुढच्या वेळी खुबा मोडला तर या वयात माणूस परत उभा राहत नाही."

त्या संध्याकाळी नवऱ्याने टाकी कुणाला तरी देऊन टाकतो म्हणून सांगितलं. तो मनापासून म्हणत होता, आणि त्याला ते जड जात होतं हेही मला दिसत होतं. मी नको म्हटलं. त्रास टाकीचा नव्हता, आवाजाचा होता. आवाज बंद झाला की बाबा उठणार नाहीत, उठले नाहीत की पडणार नाहीत. मला हे इतकं सरळ दिसत होतं.

मी पद्धतशीर कामाला लागले. आधी नोंद. बाबा दिवसात कधी उठतात, ते नवऱ्याने लिहून ठेवायचं. तो मिळेल त्या कागदावर लिहायचा, गॅसच्या पावतीमागे, औषधाच्या खोक्याच्या तुकड्यावर. वरती तारीख, खाली वेळ. "तुझ्या कारखान्यातला हमाल झालोय मी. पगारवाढ कधी?" म्हणायचा. मी त्या चिठ्ठ्या हाताला येतील तशा एका क्लिपमध्ये अडकवल्या. चाळून पाहिल्या तर कुठे सकाळचे नऊ, कुठे दुपारचा एक, कुठे साडेचार. इमारतीच्या पाण्याच्या मोटारीच्या वेळेशी ताडून पाहिलं, दिवे जाण्या-येण्याशी पाहिलं. काही जुळेना. आवाज तर चोवीस तास सारखाच. मी वहीत लिहिलं, वेळेचा संबंध नाही, आणि क्लिप खणात टाकली.

मग उपाय सुरू झाले. पंपाखाली रबराचा तुकडा घातला, त्याने थरथर गेली, गुळगुळ राहिली. खालच्या पाईपाचं तोंड पाण्यात बुडवलं, म्हणजे धार वरून पडायची थांबली. भुरका तसाच. कपाटाला आतून फोम लावला तर आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येऊ लागला, आणि बाबा कान आणखी जवळ नेऊ लागले.

खरा उपाय बाबांनीच दाखवला. कप्प्यातला पाईप वरच्या टोकाला कोपरासारखा खाली वळवलेला आहे आणि त्या कोपराच्या माथ्यावर हवेसाठी एक बारीक छिद्र आहे. एका शनिवारी मी घरी असताना बाबांनी टाकीचं झाकण उचललं आणि त्या छिद्रावर ओल्या मातीची गोळी दाबून बसवली. मी ओरडणार तेवढ्यात आवाज बंद झाला. पूर्ण बंद. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अर्धं मिनिट झालं असेल. मग कप्प्यातलं पाणी झरझर खाली गेलं, पाईपाचं तोंड उघडं पडलं आणि असा मोठा भुरका आला की नवरा बेडरूममधून धावत बाहेर आला.

"धरलं व्हतं," बाबा म्हणाले. "सुटलं."

मला ते अर्धं मिनिट पुरलं. हवा आत गेली नाही तर पाईप पाण्याने पूर्ण भरतो आणि भरलेला पाईप बोलत नाही. फक्त तो भरलेला राहायला हवा. म्हणजे ते छिद्र कायमचं बुजवून आणि खाली नळ बसवून, जेवढं पाणी वरून येतं तेवढंच जाऊ द्यायचं. आणि तो पाईप कधी तुंबला तर टाकी हॉलमध्ये ओतू नये म्हणून शेजारी जरा उंच असा दुसरा पाईप, एरवी कोरडा. पंपाचं पाणी वर नेणारा पाईप त्याच कप्प्यातून जात होता. तो काढून टाकीच्या मागून नेला की त्याचं भोक या दुसऱ्या पाईपाला मिळत होतं. सगळं जमत होतं.

हार्डवेअरवाल्याने विचारलं, "मॅडम, गच्चीवरच्या टाकीला ना? बॉल व्हॉल्व्ह घेऊन जा, सगळे तोच नेतात."

"नको. त्याची दांडी जरा हलली की एकदम पाणी कमी-जास्त होतं. चाकाचा द्या, हळूहळू फिरणारा."

"कोणासाठी एवढं नाजूक?"

"माशांसाठी," मी म्हटलं. खोटं बोलले.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी पाईप कापले, सॉल्व्हंट लावून जोडले, दिवसभर सुकू दिले. मासे बादल्यांत. बाबा कॉटवर बसून पाहत होते आणि मध्येमध्ये सूचना देत होते. "बाय, सांधा कोरडा करून मंगच लाव." बरोबरच होतं ते. संध्याकाळी पंप सुरू केला. पहिलं मिनिटभर पाईपाने आतली हवा ओकली, जोरात. मग मी चाक पाव पाव फिरवत बंद करत आणलं. कप्प्यातलं पाणी चढत गेलं आणि दुसऱ्या पाईपाच्या तोंडाखाली दोन बोटांवर येऊन थांबलं. गुळगुळ बारीक झाली. मग राहिलीच नाही.

बाबा उठून आले. कपाटाला कान लावला. बराच वेळ. मग दाराचा आधार घेऊन उभे राहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पन्नाशीची बाई, केसांत सॉल्व्हंटचा वास.

"बांधलास," ते म्हणाले. "चांगला बांधलास."

वहीत मी खूण केली. दोनदा, जाड.

पुढे काय झालं ते मी जसं झालं तसं लिहिते. बाबा उठेनासे झाले. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. झोप लागतेय, माती नाही, ओली फरशी नाही. दुसऱ्या आठवड्यात जेवायला टेबलाशी यायला कंटाळा करू लागले. ताट कॉटवर. मग अंघोळ खुर्चीवर. मग पायांना सूज. मी वहीत सकाळी दहा पावलं, संध्याकाळी दहा पावलं असं लिहिलं आणि हाताला धरून चालवू लागले. ते माझ्या समाधानासाठी चालायचे, दारापर्यंत जाऊन विचारायचे, "झाली काय ग दहा?" डॉक्टर घरी येऊन गेले. पाय दाबून पाहिले. "आधी चालते होते ना? मग थांबवलं कशाने?" मी बाबांच्या पायांवर चादर ओढली. उत्तर माहीत नव्हतं असं नाही.

एका दुपारी मी सुट्टी घेतली. नवरा आत झोपला होता. मी कपाट उघडलं आणि व्हॉल्व्हचं चाक उलटं फिरवलं. पाणी खाली गेलं, हवा शिरली, गुळगुळ सुरू झाली. मग भुरका. मी जमिनीवर तशीच बसून राहिले आणि बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते.

"बाबा, पाणी जातंय."

ते पंख्याकडे पाहत राहिले.

"खांड पडली, बाबा."

"पाईप हाय तो तुजा," ते म्हणाले. "बांदाचं पानी असं बोलत नाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंग? येवडी वर्सं कान काय गिरवी ठेवले व्हते?"

"मग रोज उठून माती का लावत होतात?"

"फेरीला गेलेला मानूस हात हालवत परत येतो व्हय?"

मी म्हटलं, "मग आता उठा ना. चला. मी धरते."

"कशाला? तू बांधलास ना."

"उद्या परत फुटेल."

"फुटंल तवा बगू." माझ्याकडे पाहून हसले. लहानपणी मी ताप आल्याचं सोंग करून शाळा बुडवायचे, तेव्हा असेच हसायचे. "बंद कर बाय. जावयाची झोप मोडंल."

मी चाक फिरवलं. पाव पाव. दोन बोटांची ती पातळी यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी, चहा उकळत असताना बाबा गेले. मी कप घेऊन हॉलमध्ये आले तर ते भिंतीकडे तोंड करून होते. टाकीकडे नाही, कॅलेंडरकडे.

तेरावं झाल्यावर मी खण आवरायला घेतले. कामाची सवय. औषधांच्या पावत्या एकीकडे, रिपोर्ट एकीकडे. चिठ्ठ्यांची क्लिप हाताला लागली. टाकून द्यायच्या आधी मी त्या तारखेनुसार लावल्या, कारण कागद उलटेसुलटे असले की मला ते पाहवत नाहीत. जमिनीवर एकाखाली एक मांडल्या. सव्वाबारा. एक. पावणेदोन. अडीच. सव्वातीन. चार. मग सकाळच्या वेळा सुरू होत होत्या, आणि पुन्हा तसंच, रोज पाऊण तास पुढे. मी उठून कॅलेंडर काढलं. सव्वाबाराच्या चिठ्ठीच्या तारखेला अमावास्या होती. पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, पुन्हा बारा-सव्वाबारा.

खाडीकाठच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि रात्री बाराच्या सुमाराला पूर्ण भरते आणि मग रोज पाऊण तास पुढे सरकते. आजीच्या हाताला धरून मी हे बोटांवर मोजलेलं आहे. ना खाडी दिसते ना खारा वास येतो अशा विरारच्या तिसऱ्या मजल्यावर बाबा समोरच्या कॅलेंडरात तिथी पाहून भरतीच्या वेळेला उठत होते, पाणी बोलतंय अशी जी एकच जागा घरात होती तिथे जाऊन कान देत होते, आणि बुजवून येत होते. दीड महिनाभर दिवसाची एकही पाळी चुकली नव्हती. वेळेचा संबंध नाही, असं मी वहीत लिहिलं होतं.

शेवटच्या तीन चिठ्ठ्या व्हॉल्व्ह बसवल्यानंतरच्या होत्या. लिहायचं थांबवायला मी नवऱ्याला सांगायला विसरले होते, आणि तो खणातल्या क्लिपला चिठ्ठ्या लावत राहिला होता. वेळा बरोबरच होत्या. वेळेपुढे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, उठले, बसले, परत झोपले. दुसऱ्या दिवशी, उठून बसले. तिसऱ्या दिवशी, डोळे उघडले.

मी त्या नवऱ्याला दाखवल्या. तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. एकेक चिठ्ठी वाचून झाल्यावर म्हणाला, "पडले असते ग. तू ते थांबवलंस." ते खरं आहे. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, पडणं थांबलं, फेरी थांबली, आणि कशापुढेच खूण केली नाही.

टाकी आहे. कॉट आम्ही हलवली. मासे आता मोठे झालेत. आवाज कसला तो नाही, आलेले पाहुणे विचारतात, बंद आहे का म्हणून. फक्त आमच्याकडे दिवे जातात तेव्हा पंप थांबतो आणि पाईप रिकामा होतो. दिवे परत आले की पाणी पहिल्यांदा हवेसकट उतरतं, आणि मिनिटभर तो जुना आवाज येतो, गुळगुळ आणि शेवटी एक भुरका. मग पाईप भरतो आणि गप्प होतो.

त्या मिनिटाला मी असेन तिथे थांबते. हातात काही असलं तर खाली ठेवते. नंतर वहीत वेळ लिहिते. वर्षभराच्या वेळा झाल्या आहेत, तारखेनुसार, नीट एकाखाली एक, शेजारी तिथी. त्यांना काही क्रम नाही. मी पाहिलं.